चौकशीला आलेला माणूस

पाली, ता. ४ डिसेंबर २०२४

परका माणूस दारात फटफटी लावून तुझ्या नावानं चौकशी करतो आन घरात कुणीच मला आधी कायी सांगत न्हाई, हे मला पटलेलं न्हाई. वर त्याला चहा पाजावा लागला.

चि. तेजश्रीला आजीचा आशीर्वाद. आमी बरे आहोत. धरणात पाणी हाय, गहू पेरून झाला. फोन सोडून पत्र कशापायी, तर फोनवर बोललं की तुझा चुलतभाऊ पप्पू कान लावून बसतो. माझी शाळा दुसरीपर्यंत, चुका काढत बसू नको.

तर तो माणूस. साधी पँट, साधा शर्ट, बगलेत फाईल. तेजश्री बद्रीनाथ इथंच राहती का, किती वर्षांपासून, वागणूक कशी, कुणाशी भांडण हाय का, असं एकेक इचारायला लागला. मी वळखलं. धुळाजी दोन महिने झाले धारूरचं स्थळ घेऊन तुझ्या बापाच्या मागं लागलाय. पोराचं खताचं दुकान हाय. बोलणी करायच्या आधी पोराकडचे असाच अनोळखी माणूस गावात सोडतात, पोरीची वागणूक काढायला. माझ्या वक्ताला बांगड्यावाला कासार धाडला होता.

त्या पोराला मी बघितलंय. काय बी इचारलं की आधी बापाच्या तोंडाकडं बघतो. म्हणून मी त्या फाईलवाल्याला ओट्यावरच गार केला. सांगितलं की पोरगी इथं राहत न्हाई, पाच वर्षं झाली, आन राहणार बी न्हाई. सैपाक येत न्हाई. जीभ माझ्यावर गेलीय. केस निळे केलेत. त्यानं समदं लिहून घेतलं आन खाली सही मागितली. मी जानकीबाई आश्रुबा अशी पूर्ण सही ठोकली. सोयरिकीच्या चौकशीत सही घेणारे लोक मी पयल्यांदा बघितले. लई पोचलेले दिसतात.

आता तुझ्याकडं येते. निळे केस मी मनानं लावले न्हाईत, पप्पूच्या मोबाईलात फोटो हाय. तुझ्या शेजारी तलवार घेतलेला पोरगा हाय. तो कोण? गावात लोक इचारतात नात काय शिकती, मी म्हणते डॉक्टर होणार, मग आपापले गुडघे घेऊन ओट्यावर येतात. त्यांना काय सांगू? ट्रंकेत तू ठेवलेलं जपानचं चित्रांचं पुस्तक बी मी काढलं. अक्षर कळत न्हाई, चित्रं कळतात. पयल्या पानावर म्हातारी आन नात एका ताटात जेवतात. शेवटच्या पानावर नात पेटी उचलून मोटारीत बसती आन म्हातारी दारात उभी. हे शिकायला हैदराबादपर्यंत जावं लागतं व्हय?

जीव लावतीस तसा लाव, पण खरं लिही.

तुझी आजी,
जानकीबाई

⁕

हैदराबाद, ता. ११ डिसेंबर २०२४

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना आधी खूप हसले. सहीपाशी आले आणि हसू थांबलं. आजी, तो माणूस धारूरचा नव्हता. साध्या कपड्यातला पोलीस होता. मी पासपोर्टचा अर्ज केला आहे, त्यावर पालीचा पत्ता दिला आहे, तो खरा आहे का एवढंच बघायला तो आला होता. तुझ्या सहीवर त्याने शेरा मारला की अर्जदार या पत्त्यावर राहत नाही. माझी फाईल थांबली आहे.

आता सगळं सांगते. जपानी चित्रकथांना मंगा म्हणतात. लाखो लोक त्या वाचतात, आपल्याकडेही. मी अभ्यास करते तो त्या वाचकांचा. ते कथेतल्या माणसांसारखे कपडे करून एकत्र जमतात. गोष्ट संपली तरी त्यांचं भागत नाही, पुढची पानं ते स्वतःच काढतात आणि एकमेकांना वाचायला देतात. माझे निळे केस म्हणजे टोप होता. तलवार पुठ्ठ्याची होती आणि ती धरणारा अरमान बँकेत नोकरी करतो. मी त्याची मुलाखत घेत होते, बाकी काही नाही. गुडघेवाल्यांना सांग, मी पुस्तकांची डॉक्टर होणार आहे.

ओसाकाच्या विद्यापीठातल्या हायाशीबाईंनी मला एप्रिलपासून एक वर्ष तिकडे बोलावलं आहे. ३१ जानेवारीपर्यंत पासपोर्टचा नंबर कळवला नाही तर ती जागा दुसऱ्याला जाईल. पाच वर्षांचं काम त्या एका वर्षावर अडलं आहे. हातात पासपोर्ट आल्याशिवाय तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, ती चूक माझी.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. पोलीस येणार हे मी बाबांना फोन करून सांगितलं होतं. कागद काढून ठेवा, घरी थांबा, असं दोनदा बजावलं होतं. त्या दिवशी ते कुठे होते?

मी फेरचौकशीचा अर्ज दिला आहे. तू ठाण्यात जाऊन खरं काय ते सांगशील का? आणि ते पुस्तक तू उलटं बघितलंस. जपानी पुस्तक उजवीकडून उघडतात. तुझं शेवटचं पान म्हणजे गोष्टीची सुरुवात आहे. शेजारच्या उज्माला दाखव.

चहा कमी पी. रागावलीस तरी पत्र टाकत राहा.

तुझी,
तेजश्री

⁕

पाली, ता. २ जानेवारी २०२५

पोलिसानं पोलिसाचे कपडे घालून यावं. चूक त्याची हाय, ती मी त्याला ठाण्यात तोंडावर सांगितली.

चि. तेजश्रीला आशीर्वाद.

आधी तुझा बाप. तुझं पत्र आलं त्या दिवशी बद्रीनाथ जेवायला बसला तवा मी इचारलं, चौकशीच्या दिवशी कुठं गेलतास. म्हणला रानात. मी म्हणलं, इस्त्रीचा शर्ट घालून कोण रानात जातं. मग भाकरी ताटात ठेवून बोलला. पोलीस येणार हे त्याला माहीत होतं. धुळाजीला घेऊन तो धारूरला पोराच्या घरी गेलता. घरी कुणी सापडलं न्हाई की फाईल आपोआप बारगळंल, आपल्याला न्हाई म्हणावं लागणार न्हाई, असा इचार. तुला तोंडानं न्हाई म्हणायची त्याची छाती न्हाई. फकस्त मी घरी असते हे त्याच्या ध्यानात आलं न्हाई. म्हणजे त्यानं गुपचूप जे योजलं ते मी सही करून पार पाडलं. याचा मला लई राग आलाय. धुळाजीला दुसऱ्या दिवशी ओट्यावरूनच परत धाडला, चहा बी दिला न्हाई.

मग तुझ्या बापालाच गाडी काढायला लावली आन उज्माला संगं घेऊन ठाण्यात गेले. तोच माणूस होता. मी सांगितलं की पयला जबाब पोराकडच्यांना दिला होता, हा सरकारला देते. तो म्हणला, आजी, दोन्हीतला खरा कोणता. मी म्हणलं, ती इथं राहत न्हाई हे खरं, आन घर तिचंच हाय हे बी खरं, शिकायला गेलेलं माणूस घरातून कमी होत न्हाई. रेशनकार्डावरचं तुझं नाव दाखवलं. वागणुकीचं इचारलं तवा जिभेचं जे सांगितलं होतं ते तसंच ठेवलं. १० तारखेला तू कागद घेऊन ठाण्यात हजर राहायचं, मग फाईल पुढं जाती, असं म्हणला. या बारीला मी सही करायच्या आधी उज्माकडून समदं वाचून घेतलं.

ठाण्यात दोन तास बसवलं. तवा पुस्तक काढलं. मी सांगायच्या आधीच उज्मानं ते उजवीकडून उघडलं, उर्दू शाळेत शिकलेली ना. तिच्या बाजूनं बघितलं तर पोरगी आधी जाती आन शेवटी येऊन म्हातारीच्या ताटात जेवती. उज्माच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या न्हाई. कारण मधली पानं कुणालाच धड कळली न्हाईत. एवढे दिवस ती होती कुठं, तिला जेवू कुणी घातलं, परत फिर असं तिला कोण म्हणलं? आन गोष्ट संपली की पुढची पानं वाचणारेच काढतात, असं तूच लिहिलंयस. मग ती परत आली हे खऱ्या चित्रकारानं काढलंय, का घरी वाट बघणाऱ्या कुणी? तो अरमान बी माझ्या डोक्यातून गेलेला न्हाई. बाकी काही न्हाई असं न इचारता कोण लिहितं?

१० तारखेला ये. हरभऱ्याची भाजी करून ठेवते. अंतर पडलं तरी मन तेवढंच असू दे.

तुझी आजी,
जानकीबाई आश्रुबा

ता. क. वर्ष सरल्यावर माझ्या नातीला परत धाडणार का न्हाई, हे हायाशीबाईनं लिहून कळवायचं. तू लिहू नको, तू मला बरं वाटंल तेच लिहिशील. तुझ्या बापानं बी मधी पडायचं न्हाई. बाईनं उजवीकडून लिहिलं तरी चालंल, उज्मा बघून घेईल, पण उत्तर तिनंच द्यायचं, आन खाली पूर्ण सही करायची.