पाच वॉटचा ॲम्प

आई, मी गिटारसाठी ॲम्प घेतला. वॉल्व्हवाला, म्हणजे आपल्या जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा, आणि फक्त पाच वॉटचा. घरात सगळ्यांना सांगून झालं, पण ह्यांनी "छान आहे" म्हणून पेपर पुन्हा उघडला. तुला सांगितलं असतं तर तू आधी विचारलं असतंस, ट्रान्सफॉर्मर कुणी भरलाय?

शाळा सुटली की मी थेट कॅम्प तीनच्या वस्तीत तुझ्या कारखान्यात यायचे. तू ट्रान्सफॉर्मर भरायच्या मशीनवर बसलेली असायचीस, केसासारखी बारीक तांब्याची तार बोटांतून सोडत, प्रत्येक थरावर कागद लावत. एके दिवशी वेढे मोजायचा काटा बंद पडलाय, म्हणून तू तोंडानं मोजतेयस, आणि मी मात्र वर्गात माझा पहिला नंबर आला ते सांगतच सुटलेय. तू मोजणी विसरलीस. "गप्प बसायला काय घेशील गं?" सगळ्या बायकांसमोर ओरडलीस आणि दुपारभराचं काम उलगडलंस. मी रडले. रिक्षात बसल्यावर तू म्हणालीस, "वेढा चुकला तर वरून दिसत नाही बाळा. रेडिओ घरी नेल्यावर त्या माणसाला कळतं." पहिल्या नंबराबद्दल तू काहीच बोलली नाहीस. पण दिवाळीनंतर एका गिऱ्हाइकानं विकायला काढलेली इलेक्ट्रिक गिटार घेऊन आलीस. वाजवायची कशावर, हे दोघींनाही माहीत नव्हतं. तूच आपल्या जुन्या वॉल्व्हच्या रेडिओमागे ग्रामोफोन जोडायची जागा शोधलीस, तिथे वायर लावलीस, आणि रेडिओ तापल्यावर मी एक तार छेडली. असा ऊबदार, किंचित घोगरा आवाज आला की तू स्टोव्हवरची भाजी सोडून बाहेर आलीस.

तू गेल्यावर मी गिटार बंद केली. गेल्या वर्षी बदलापूरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा ती माळ्यावर न चढवता भिंतीला टेकवून ठेवली, आणि मग राहवेना. साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प आणला, तर आवाज कोरडा. मला तो रेडिओचा आवाज हवा होता. कॅम्प तीनमधल्या एका सिंधी दुकानदाराकडे तीस वॉटचा जुना वॉल्व्ह ॲम्प होता. मी म्हटलं, याहून लहान नाही का? तर म्हणतो, "मॅडम, छोटा लेके क्या करोगी? ये ले जाओ, एक दिन बजाके देखो." नेला. दोघांनी उचलून तिसऱ्या मजल्यावर चढवला. आवाजाचं बटण एकवर ठेवलं तर आवाज झोपलेला, तीनवर नेलं तर खालच्या काकू हातात डाव घेऊनच वर आल्या. "अगं, माझ्या मांडणीवरची भांडी वाजतायत!" वॉल्व्हला पुरता जोर लागला की आवाज जरासा फाटतो, आणि सगळी गोडी त्या फाटण्यात असते. तीस वॉटला तेवढा जोर लावायचा तर बिल्डिंगच रिकामी करावी लागली असती. दुसऱ्या दिवशी मी तो परत केला.

मग त्याच दुकानदारानं अंबरनाथचा पत्ता दिला. फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका, घरीच असे छोटे ॲम्प बनवतात. टेबलावर डब्याएवढी पेटी, आत दोन वॉल्व्ह, समोर एकच बटण. मी विचारलं, "आउटपुट ट्रान्सफॉर्मर कुठला?" काकांनी चष्मा वर केला. "लोक वॉट विचारतात. हे कुणी विचारत नाही." त्यांनी स्वतःच भरला होता, दोनदा बिघडल्यावर तिसऱ्यांदा जमला. मी म्हटलं, "थराथरात कागद सैल राहिला असेल." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही कुठं शिकलात हे?" "आईकडे," मी म्हटलं, आणि आई, इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल बोलताना पहिल्यांदाच माझा आवाज ताठ होता. काका म्हणाले, "वाजवा मग. पूर्ण उघडा, घाबरू नका."

मी बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि सोबत नेलेल्या माझ्या गिटारची तार छेडली. काय सांगू! तोच आवाज, तसाच घोगरा, पण आता माझ्या बोटांच्या जोराप्रमाणे वाढणारा, कमी होणारा. हलकं वाजवलं तर स्वच्छ, जोरात वाजवलं तर गळा दाटल्यासारखा. काकांच्या सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी थांबायलाच तयार नव्हते, शेवटी काकांनीच चहा पुढे केला.

रिक्षात पेटी मांडीवर घेऊन आले. रविवारी दुपारी बटण पूर्ण उघडून अर्धा तास वाजवलं आणि मग धावत खाली जाऊन काकूंना विचारलं. "येतो गं आवाज," त्या म्हणाल्या, "पण मालिका ऐकू आली." याहून मोठं सर्टिफिकेट मला नको.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, टाकणारही नाही. तुला एवढंच कबूल करते, आज सोमवार आहे आणि ऑफिसला मी दाढ दुखते म्हणून कळवलंय. दाढ अगदी ठणठणीत आहे.