राजा आधी, प्यादं मागून

सर, तुमच्या नावानं भोकरदनला बुद्धिबळाची स्पर्धा भरवून राह्यलेत. तुमचेच जुने विद्यार्थी आहेत, आता कुणी वकील झालंय, कुणाचं खताचं दुकान आहे. मागल्या आठवड्यात त्यांचा फोन आल्ता. स्मरणिका काढतोय म्हणे, सरांच्या हाताखालून ग्रँडमास्टर झालेले तुम्ही एकटेच, तर सरांनी काय शिकवलं त्यावर एक पान लिहून द्या. बॅनर आधीच छापलंय. त्यावर तुमचा शाळेच्या गॅदरिंगमधला टाय घातलेला फोटो आहे आणि खाली लिहिलंय, 'शिस्तप्रिय शिक्षक, सचोटीचे पंच'. ते मोबाईलवर आलं तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर न्हाई. चार दिवस झाले, कागद घेऊन बसतो, दोन ओळी लिहितो, फाडतो. शेवटी म्हटलं, त्यांचं पान नंतर बघू, आधी तुम्हाला लिहावं. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळं उत्तराची भीती न्हाई.

माझ्या खेळाबद्दल लोक काय काय लिहितात ते वाचून तुम्ही हसला असता. हा हल्ला करीत न्हाई, समोरच्याला कंटाळा आणून मारतो, असं एकानं लिहिलं. ते बराबर आहे. वजीर फेकून राजाच्या अंगावर धावून जाणारे डाव मला जमले न्हाईत. एक प्यादं जास्तीचं मिळालं की तेवढं धरून मी पाच-पाच तास बसतो आणि समोरचा चुकायची वाट बघतो. परदेशातला एक समालोचक तर माझ्या बसण्यावरच बोलला. हा माणूस दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतो, चाल ठरल्याशिवाय बाहेर काढत न्हाई, त्याची लकब आहे. लकब कसली, तुमची पट्टी आहे ती. शाळा सुटल्यावर सातवीच्या वर्गात दोन बाकडी जोडून तुम्ही आम्हाला बसवायचे, आणि विचार करताना कुणाचा हात पटावर दिसला की बोटांवर पट्टी बसायची. हात मांडीखाली. डोक्यानं ठरव, मंग हात काढ. ज्या मोहऱ्याला हात लागला ते चालावंच लागतं, मंग रडून उपयोग न्हाई.

माझ्या गावची, पिंपळगावची बस चुकली की मी तुमच्याच घरी मुक्कामाला. काकू चुलीपुढं भाकरी थापताहेत, आणि तुम्ही स्वयंपाकघरातच खाली पट मांडलाय. बाकी सगळी मोहरी डब्यात. पटावर फक्त दोन राजे आणि माझं एक प्यादं. मला वाटतं, हे काय अवघड, प्यादं पळवायचं, शेवटच्या घरात गेलं की वजीर. मी पळवतो, तुमचा राजा येऊन आडवा बसतो, डाव बरोबरीत. पुन्हा मांडा, पुन्हा बरोबरी. काकू म्हणतात, लेकराला जेवू तर द्या. तुम्ही म्हणता, जेवण कुठं पळून चाललंय. दहाव्या की बाराव्या वेळी तुम्ही माझा राजा उचलून प्याद्याच्या पुढं ठेवला. "राजा आधी, प्यादं मागून. राजा मागं राहून प्याद्याला पुढं ढकलतो, तिथंच डाव जातो." मंग ताट वाढलं. त्या दिवसाचा मेथीचा वास मला अजून येतो.

जालन्याची शालेय स्पर्धा आठवते का? पंच तुम्हीच होता. मी घोड्याला हात लावून मागं घेतला, समोरच्या पोराला ते कळलंसुद्धा न्हाई. तुम्ही मात्र शेजारच्या टेबलावरून आलात आणि नुसतं 'घोडा' म्हणालात. घोडा चाललो, वजीर गेला, डाव गेला, पहिला नंबर गेला. परतीच्या बसमध्ये मी तुमच्यापासून लांब, मागच्या सीटवर बसलो. राजूरला गाडी थांबली तेव्हा तुम्ही उतरून भेळ आणली आणि पुडा माझ्या मांडीवर ठेवला. म्हणालात, "आज तुझी बाजू घेतली असती, तर उद्या माझ्या शब्दाला कोण विचारील?" मी तोंड वळवून भेळ खाल्ली.

पुढं तुम्ही मोठ्या स्पर्धांच्या पंचाची परीक्षा दिली तीही माझ्यासाठीच. पंचाला राहायला खोली मिळते, त्या खोलीत मी खाली अंथरून झोपायचो. असे आपण कुठं कुठं हिंडलो. मी मोठा होत गेलो, ग्रँडमास्टरच्या किताबाला लागतात ते तिन्ही टप्पे झाले, पण त्याला लागणाऱ्या अडीच हजाराला रेटिंग काही टेकेना. एकदा काठावर यायचं, पुन्हा घसरायचं. पाच वर्षं हेच. माझ्या बरोबरीची पोरं नोकरीला लागून लेकराबाळांची झाली. हे झालं न्हाई तर मी कोण?

संभाजीनगरची ती शेवटची फेरी. जिंकलो तर ग्रँडमास्टर, बरोबरी झाली तर पुन्हा तेच. समोर दक्षिणेकडचा एक गृहस्थ, बँकेत नोकरीला, सुट्टी टाकून खेळायला आलेला. दुपारचे साडेतीन वाजले असतील. बाकीचे डाव संपले, आमचाच उरला होता, म्हणून मुख्य पंच लांब उभे आणि तुम्ही सहायक पंच म्हणून आमच्या टेबलाशी. शेवटचे हत्ती मारामारीत गेले, एकाला एक. पटावर दोन राजे आणि माझं एक प्यादं. काकूंच्या स्वयंपाकघरातलाच डाव, सर! घड्याळात काही सेकंद राहिले होते. माझा हात मांडीखालून निघाला आणि बोट प्याद्याच्या डोक्यावर टेकलं. टेकल्याबरोबर कळलं, प्यादं ढकललं तर बरोबरी. बोट उचललं आणि राजा चाललो.

त्या माणसानं घड्याळ थांबवलं, हात वर केला. मुख्य पंच आले. यांनी प्याद्याला हात लावला, एवढंच त्यानं सांगितलं, आवाज न चढवता. पंचांनी मला विचारलं, मी न्हाई म्हणालो. मंग ते तुमच्याकडं वळले. तुम्ही माझे गुरू हे त्यांना माहीत होतं, पण जालन्यात तुम्ही स्वतःच्या शाळेच्या पोराला घोडा चालायला लावला होता हेही सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या शब्दापुढं दुसरा पुरावा कुणाला लागत नव्हता. मी पटाकडं बघत होतो. मंग तुमचा आवाज आला, "नहीं लगा."

त्या माणसानं तुमच्याकडं बघितलं, मान हलवली आणि घड्याळ सुरू केलं. तुमच्यावर त्याचा विश्वास बसला होता, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांवरचा उडाला होता. डाव हरल्यावर त्यानं माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, वर माफीही मागितली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी हसलो.

भोकरदनला उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. तुम्ही जीपवर चढला न्हाईत, मागून पायी आलात. स्टेजवर तुम्हाला बोलायला लावलं तर 'पोरगं मेहनती आहे' म्हणून खाली बसलात. लोकांना वाटलं, सरांचा कंठ दाटला. त्यानंतर तुम्ही पंचाचं काम सोडलं. नजर कमी झाली म्हणायचे. मी भेटायला आलो तर चष्म्याशिवाय पेपर वाचत बसलेले असायचे. तब्येत कशी आहे, आता कुठं खेळायला चाललास, एवढंच बोलणं. पट कधी मांडला न्हाई, आणि मीही मांडा म्हणालो न्हाई.

बाकीचं मला तुमच्या जलदान विधीच्या दिवशी कळलं. माणसं जेवून उठली होती, काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. भोकरदनच्या विहारात दर पौर्णिमेला पंचशील तुम्ही द्यायचे, पुढं उभं राहून एक-एक ओळ म्हणायचे आणि आम्ही सगळे मागून म्हणायचो. तो आवाज ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. काकू म्हणाल्या, संभाजीनगरहून आल्यावर ते पुढं उभेच राह्यले न्हाईत. मागं भिंतीला बसायचे. सगळ्यांबरोबर तीन शीलं म्हणायचे आणि चौथ्याला गप्प व्हायचे, मंग पाचवं पुन्हा म्हणायचे. खोटं न बोलण्याचं तेवढं एक सोडून द्यायचे. विचारलं तर घसा खवखवतो म्हणायचे. "इतकी वर्षं कुणाचा घसा एकाच ओळीला धरतो का रे बाबा? तुमच्यात काही झाल्तं का?"

मी म्हणालो, न्हाई काकू, काही न्हाई झाल्तं.

त्या पदराला हात पुसत बाहेर गेल्या. आता त्याही न्हाईत.

माझ्या डावांचा अभ्यास करणाऱ्या एकानं अलीकडं काढून दाखवलं की ग्रँडमास्टर झाल्यापासून मी शेवटचे हत्ती कधीच मारामारीत घालत न्हाई. जिंकत असलो तरी टाळतो, बरोबरी घेतो. त्यानं याला माझी परिपक्व शैली म्हटलंय. सर, मला दोन राजे आणि एक प्यादं असा पट बघवत न्हाई, एवढीच ती शैली. त्यापायी किती डाव सोडले. रेटिंग केव्हाच खाली आलं, पण किताब काही परत घेत न्हाईत. तो नावापुढं लागला तो लागलाच.

पौर्णिमेला गावी असलो तर मी त्याच विहारात जातो. चौथं शील मी म्हणतो, सर. सगळ्यांच्या बरोबर, मोठ्यानं. माझा घसा कधी धरला न्हाई.

हा कागद अर्धाच ठेवून आज सकाळी स्मरणिकेचं पान लिहून टाकलं. त्यात पट्टी आहे, भेळ आहे, काकूंची भाकरी आहे, आणि शेवटी, सर आयुष्यात कुणासाठी खोटं बोलले न्हाईत, असं आहे. मोबाईलवर पाठवलं तर दोन मिनिटांत हात जोडल्याचं चित्र आलं, वाचून डोळे भरून आले म्हणे. हा कागद मात्र घडी करून तुमच्या जुन्या पटाच्या डब्यात ठेवणार आहे. तो डबा काकूंनी मला दिला होता.

घडी घालायच्या आधी एक दुरुस्ती. मुख्य पंच तुमच्याकडं वळले तेव्हा मी पटाकडं बघत होतो, असं वर लिहिलंय. तसं न्हाई, सर. मी तुमच्याकडंच बघत होतो. तुम्ही बोलेपर्यंत मी नजर काढली न्हाई.