लाल माती आणि उजवा पाय

अण्णा, यंदा जत्रेच्या आखाड्यात आपल्या घरचा नारळ मी फोडला. तुम्हाला आवडलं नसतं हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी तेच सांगते.

पणजोबांपासूनची रीत. हलगी सुरू झाली की पहिल्या कुस्तीआधी आपल्या घरातल्या पैलवानानं मातीत नारळ फोडायचा. आजोबांनी फोडला, तुम्ही फोडला, तुमच्यामागं दादा फोडत आला. यंदा दादाला चाकणच्या कंपनीतून सुट्टी मिळाली नाही. कमिटीची माणसं दारात आली आणि माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "भावकीतला कुणी बाप्या आसंल तर सांगा." मी म्हटलं, "मी आहे की." त्यांना वाटलं, चहा करायला आहे म्हणतेय.

तुमच्या तालमीला दार होतं, पण ते दादासाठी. माझ्यासाठी मागची खिडकी. तिथून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या एका बाजूला दिसायच्या आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही, अंगभर लाल माती. सकाळी स्वयंपाकघरात पाट्यावर बदाम मी वाटायचे, दूध दादा प्यायचा. माती मळायच्या दिवशी ताकाची कळशी आणि हळद मी उंबऱ्यापर्यंत न्यायची, आत दादा न्यायचा. मला त्याचा राग येत नसे. घरात असंच असतं, असं वाटायचं. राग आला तो नववीत, शाळेतला फुटबॉल घरी आणला तेव्हा. तुम्ही ओट्यावर बसला आहात, पायाशी सुतळीचा गुंडा. बॉलकडं बघून तुम्ही म्हणता, "आपल्या घरात माती कपाळाला लावत्यात. तुझ्या आज्ज्यानं लावली, मी लावली. तू तिला लाथा मारीत हिंडणार व्हय? लाथाच मारायच्या आसतील तर गाढवं पाळू की!" आई चुलीपुढं हसू दाबत होती. मी बॉल पुन्हा घरी आणला नाही. खेळणं मात्र एक दिवसही सोडलं नाही.

माझी मॅच तुम्ही एकदाच पाहिलीत, तीही चुकून. कांदा घेऊन मंचरला आला होतात आणि टेम्पोवाला म्हणाला, अवसरीला पोरींचा खेळ चाललाय, बघू जरा. तुम्ही कुंपणाशी येण्याआधीच मी गोल केला होता. लांबून, डाव्या कोपऱ्यात, उजव्या पायानं. तो तुम्हाला दिसला नाही. मग समोरच्या संघातली एक पोरगी मला चकवून निघाली आणि माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे, मी तिच्या मानेवर हात टाकला, कंबर आत घातली आणि तिला सरळ पाठीवर आणली. ढाक. कुस्तीचा डाव, खिडकीतून बघून बघून शिकलेला. पंचानं लाल कार्ड काढलं. आणि कुंपणापलीकडून शड्डूचा आवाज. "शाब्बास! आरं काय ढाक मारली राव! पोरगी माझी हाय ती!"

आम्ही ती मॅच हरलो. परतीच्या वाटेवर टेम्पोवाल्याला तुम्ही ती ढाक इतके हातवारे करून सांगत होतात की तो म्हणाला, "आण्णा, स्टेअरिंगला हात लागतोय." मी म्हटलं, "मी गोल पण मारला." तुम्ही म्हणालात, "आसंल." पुढे मी जिल्ह्याकडून खेळले, राज्याकडून खेळले, गुडघा गेल्यावर शिकवायला लागले. आज माझ्या हाताखालच्या पोरी मेंढ्या सोडून, कांद्याची काढणी उरकून मैदानावर येतात. या सगळ्यात तुमच्याकडून मिळालेली शाबासकी एकच, तीही फाउलची. ती मी तेव्हा घेतली नाही, आजही घेत नाही. मी पायानं खेळले, अण्णा. चांगली खेळले. त्याबद्दल कुणाची माफी मागणार नाही.

आखाड्यात उतरले तेव्हा वरून एकजण ओरडला, "ताई, गोल कुठल्या बाजूला मारणार?" सगळे हसले. मी म्हटलं, "तू हुबा राहा मधी, मग सांगते." मग त्याच्यावरच हसले. कमिटीतले म्हातारबा तेवढे आडवे आले. "पोरी, तुझा बा आसता तर काय म्हनला आसता?"

"ते आसते तर त्यांनीच फोडला आसता. आता न्हाईत, म्हणून मी."

ते बाजूला झाले नाहीत. मी त्यांना वळसा घालून गेले. नारळ एका दणक्यात फुटला. हलगी वाजायला लागली. मी वाकून मूठभर माती घेतली आणि सगळ्यांसमोर उजव्या पायाला लावली, बोटांपासून घोट्यापर्यंत. ज्या पायानं मला खाऊ घातलं, त्याचा तेवढा मान. म्हातारबांनी तोंड फिरवलं. गावात अजून त्या पायाचीच चर्चा आहे.

हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवणार होते. नको. तुमचं उत्तर मला पाठ आहे. पुढल्या वर्षी दादाला सुट्टी मिळाली तरी नारळ मीच मागणार, हेही ठरलंय.

फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. पायाला लावलेली मूठ दुसरी होती. त्याआधी एक चिमूट घेतली होती, ताकाचा आणि हळदीचा वास येणारी, आणि मी काही ठरवायच्या आत हात कपाळाकडं गेला होता.