'नंतर'चा कप्पा

बाबा,

जेवण झाकून ठेवलंय. दुपारची गोळी वरच्या ड्रॉवरमध्ये, बुटांच्या खोक्याचे पुठ्ठे कापून मी कप्पे केलेत ना, त्यातल्या 'दुपार' लिहिलेल्या कप्प्यात आहे. मधली पट्टी सुटलीय, ओढू नका, आल्यावर चिकटवते.

आज सकाळी खालच्या ड्रॉवरमध्ये, 'नंतर'च्या कप्प्यात माझं पत्र सापडलं. त्या दुसऱ्या शहरातल्या नोकरीचं. होकार कळवायची तारीख परवाच उलटून गेली. तुमच्यावर चिडायला मला तोंडच नाही. माझ्या नावाचं जे येईल ते 'नंतर'मध्ये टाका, असं मीच बजावलं होतं. तुम्ही इमानेइतबारे टाकलंत, तेही नीट घडी घालून.

त्या कंपनीत फोन कुणी उचलत नाही, म्हणून त्यांच्या इथल्या ऑफिसात, अजून होकार चालेल का, ते विचारून येते. शेजारच्या काकू दोनला डोकावतील. मी पाचच्या आत घरी येते. काळजी करू नका, येतेच ना मी नेहमी.

आणि हो, 'नंतर'चा कप्पा मी फाडून टाकलाय. यापुढे माझ्या नावाचं काही आलं, तर माझ्या हातात द्या. झोपले असले तरी उठवून द्या.

धाकटी