केरबा वस्तादांनी न बघितलेला पैलवान

प्रिय अक्का,

तुला आणि दाजींना वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? चंदगडचा पाऊस अजून थांबला नसेल, तेव्हा एवढ्यात काजूगर पाठवू नकोस (मागचे दमट निघाले होते, तेव्हा बोलले नाही). हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. फोन मुद्दामच केला नाही. माझा फोन वाजला की आमचे हे पेपर खाली ठेवतात आणि कान इकडे लावतात.

तुला ठाऊकच आहे, पाळी गेल्यापासून माझ्या अंगातून नुसत्या वाफा निघतात. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मानेपासून जाळ चढतो आणि पोरं गप्प बसून बघत राहतात. घरी पंखा पाचावर. हे आधी चादरी वाढवत गेले आणि मग एक दिवस गादी उचलून बाहेरच्या खोलीत गेले. म्हणाले, तुला मोकळं पडता येईल. अक्का, मला ते फार लागलं गं. कडाक्याचं भांडण झालं तरी हा माणूस कधी बाहेर झोपला नव्हता. आपला कंटाळा आला यांना, असंच मनात आलं.

त्यानंतर तर वागणं जास्तच संशयाचं. एकदम गोड बोलायला लागले! रोज सकाळी तांब्याभर थंडाई माझ्यापुढे. बदाम, खसखस, गुलकंद, वर बिननावाच्या पुडीतली शतावरी. कुणी सांगितली म्हणून विचारलं, तर आहेत एक जाणकार, म्हणून विषय बंद. (मी मांजरीला थोडी देऊन पाहिली. तिनं तोंड फिरवलं.) मग माझ्याकडून बैठका काढून घ्यायला लागले. मग एक दिवस लाकडी मुद्गल घेऊन आले आणि फिरव म्हणाले. माणसाच्या मनात पाप असल्याशिवाय तो बायकोची एवढी सेवा करत नाही. जाणकार म्हणजे गल्लीत नवी आलेली योगावाली संयोगिताच, असं मी पक्कं केलं आणि तिच्याशी बोलणं टाकलं. ती बिचारी अजून विचारते, काकू, माझं काय चुकलं?

रविवारी सकाळी पदर खोचून मुद्गल फिरवत होते, तेवढ्यात दारात केरबा वस्ताद! यांच्या लग्नाआधीच्या तालमीतले. डोक्याला फेटा, हातात तुपाचा डबा.

"कुठं हाय पैलवान?"

मी म्हटलं, कोण पैलवान?

"गणपतरावांचा की! अंगात उष्णता, घामाच्या धारा, झोप न्हाय, काय बोललं की अंगावर येतो. म्हटलं, मी सांगितलेली एवढी थंडाई पचवतोय, एकदा बघून तरी यावं."

हे पडद्यामागं. तालमीत बायकोच्या पाळीचं नाव काढायची लाज वाटली म्हणून या माणसानं मला पैलवान करून टाकलं होतं! वस्तादांनी माझ्याकडे बघितलं, मुद्गलाकडे बघितलं, पडदा हलताना बघितला आणि मटकन खुर्चीत बसले.

"वैनी, तुमी व्हय?" पाणी पिऊन मग हळूच म्हणाले, "आमच्या कारभारणीला, बायडाबाईलाबी असंच हुतं. मला वाटलं, कुणीतरी करणी केली." आणि पडद्याकडे तोंड करून ओरडले, "गणपतराव, लंगोटावर आखाड्यात उतरताना लाज वाटली न्हाय, आन बायकोचं दुखणं सांगाय वाटली?"

दुसऱ्या दिवशी हे स्वतःहून माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडे आले आणि सगळं नावानिशी, बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. चालणं आणि हलका मुद्गल चालू द्या, थंडाई बंद करा (वजन वाढलंय), आणि कसलीही पुडी आम्हाला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं बाई म्हणाल्या. जाळ अजून येतोच, पण चालल्यावर झोप बरी लागते.

तुझी,
कालिंदी

ता. क. आता संयोगिताबरोबर रंकाळ्यावर चालायला जाते. हेही येतात. माझा कसलाही संशय नाही, तरी यांना मी मधे चालू देत नाही.

ता. क. पत्र खरं एवढ्यासाठीच. आपल्या आबांचं जाड काळं घोंगडं तुझ्याकडे आहे ना? एसटीनं लगेच पाठव. पंखा पाचावरच आहे, आणि हे गादी घेऊन परत आत आलेत. कानटोपी घालून झोपतात, काही बोलत नाहीत, पण दात वाजलेले मला ऐकू येतात.