सारिकाच्या हातातला पास

प्रिय रेणू,

जयभीम. मामाकडे तुझं बरं चाललंय, असं आई सांगते. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

इकडे चिखलीत सोयाबीनची आवक सुरू झाली. बाजाराच्या ओट्यावर आपण चुन्यानं आखलेलं बास्केटबॉलचं कोर्ट निम्मं ढिगांखाली गेलं. रिंग मात्र जागेवर आहे. मी वेल्ड केलेली, दहा फुटांच्या उंचीत सूतभर फरक नाही. उरलेल्या जागेत पोरी खेळतात आणि पुंजाजी हमाल ओरडतो, "पोरीहो, पोतं सांभाळू का तुमचा बॉल?"

जाताना तू म्हणालीस, "बाबा, तुमाले सोताची पोरगी दिसतच नाही." नागपूरच्या निवड चाचणीला आपल्या संघातून एकच नाव द्यायचं होतं, मी तुझं सोडून सारिकाचं दिलं. ती तुझ्याहून वीतभर बुटकी, उडीही तुझीच उंच. मला हा खेळ कोणी शिकवला नाही, मी बघून बघून शिकलो. बघणाऱ्याला उंची आधी दिसते, बाकीचं फार उशिरा. तुझा नेम चुकला की तू रिंगकडे बघत राहतेस, जणू तिनंच दगा दिला. सारिकाचा चुकला की मला तिची पाठ दिसते. ती बचावाला निघालेली असते. बाहेर बसवलं तरी तिचा खेळ थांबत नाही. मेहकरच्या सामन्यात बाकावरून म्हणाली, "काका, त्या लंब्या पोरीले डावा हात चालतच नाही. तिकून अडवा." ते मला दिसलं नव्हतं, आणि असं मी कुणाजवळ बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे. नाव बरोबर दिलं. ते बदलणार नाही.

पण तू गेल्यापासून तिचा खेळ बसला. ती धावत सुटते, हात पुढे करते आणि बॉल मागे पडतो. तुझ्या जागी आता डिंपल पास देते, तो गुडघ्यावर येतो. परवा मीच पास देऊन पाहिले; तिनं ते मान राखून झेलले. माणूस जिथं पोचणार, तिथं त्याच्याआधी बॉल पाठवणं तुला मी शिकवलेलं नाही. ते तुझं तुलाच आलं, आणि ते मी कधी बोलून दाखवलं नाही. सारिका तुला बोलवा म्हणत नाही. रोज फक्त विचारते, "काका, रेणी जेवते ना तिकडे?"

चाचणी पुढच्या रविवारी आहे. तोवर तिला पास द्यायला येशील? आपली जागा जिला मिळाली तिच्याच हातात चांगला पास ठेवणारा खेळाडू मी अजून पाहिला नाही, आणि तो पाहायचा तर आपल्याशिवाय मला दुसरं घर माहीत नाही. रागावलेली असलीस तर तशीच ये, माझ्याशी बोलू नकोस. खामगावला गाडी बदलावी लागेल. बॉलमध्ये हवा भरून ठेवतो.

तुझाच,
बाबा