तोरणाखालची येझदी

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोज लिहिणार. बदला घ्यायचा असला की डोकं थंड लागतं, आणि लिहिल्यानं डोकं थंड राहते असं एका रीलमध्ये ऐकलं.
बदला कोणाचा: ऋतिकचा. माझा चुलत भाऊ. पुलगावला नोकरी, शर्टाला रोज इस्त्री.
कशासाठी: बापूजींच्या जुन्या येझदी मोटरसायकलसाठी.
आमच्या घराला पोळ्याचा पहिला मान, म्हणजे गावच्या तोरणाखालून पहिली जोडी आमची. बैल विकले तेव्हापासून आजोबा, म्हणजे बापूजी, बैलांच्या जागी येझदी नेतात. गावानं आधी हसून घेतलं, आता मानाची गाडी म्हणतात. आज जेवताना बापूजी म्हणाले की आता गुडघा साथ देत नाही. यंदा तुम्हा दोघांपैकी जो स्वतः किक मारून तिला तोरणाखालून काढीन, गाडी त्याची. ऋतिक खाली मान घालून "बरं बापूजी" म्हणाला. असं खाली मान घालूनच हा माणूस सगळं लाटते.

४ ऑगस्ट
त्या गाडीवर हक्क माझा. टाकीवर बसून वारा मी खाल्ला. पेट्रोलमध्ये ऑइल ओतताना पहिला वास मी घेतला. आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही: हिची किक आणि गिअर एकच दांडी. किक मारायची, दांडी आत दाबून पुढं पाडायची, तोच गिअर. दोन सायलेन्सर, आणि आवाज असा की बापूजी पुलावर आले की घरी आजी तवा ठेवायची.
कालव्याच्या रस्त्यावर बापूजींनी शिकवलं. एकच गोष्ट सतरांदा सांगत, "सच्या, किक अर्धी मारू नोको. अर्धी मारशीन तं इंजिन उलटं फिरते." म्हाताऱ्या माणसांची भीती घालायची पद्धत. मोटरसायकल काही रिव्हर्स जात नाही, हे पाचवीतल्या पोरालाही माहीत.

५ ऑगस्ट
ऋतिकचा मूळ गुन्हा लिहायचा राहिला.
आठवीत असताना आम्ही दोघं न सांगता येझदी घेऊन पुलगावला गेलतो. पेट्रोल मी टाकलं. ऑइल टाकायचं राहिलं, कारण पंपासमोर माकडाचा खेळ चालू होता. येताना इंजिन जाम. ऋतिकनं गाडी घरापर्यंत ढकलली. मीही ढकलली असती, पण चप्पल तुटली होती. घरी पोचल्यावर बापूजींनी विचारलं काय झालं, आणि हा म्हणाला, "ऑइल नव्हतं." बस. चावी कायमची गेली, गाडी गोठ्यात गेली, फक्त पोळ्याला ढकलत बाहेर यायची. दोन शब्दांत माझं बालपण संपवलं.
मागच्या दिवाळीत त्यानं वर्ध्याला नेऊन इंजिन नीट करून आणलं. दिखावा.

९ ऑगस्ट, राखी
मधले दिवस लिहिणं झालं नाही. वर्ध्याला प्लग आणायला गेलतो. बसस्टँडवर आयटीआयचा जुना मित्र मिहिर भेटला (आयटीआय त्याचंही अर्धंच आहे). तो चिखलदऱ्याला निघाला होता. गेलो. प्लग राहिला.
आकांक्षानं राखी बांधली. ऋतिकची सख्खी बहीण, पण माणूस चांगला. तिला माझी झडती वाचून दाखवली. पोळ्याला तोरणाखाली एकमेकांना टोमणे मारणाऱ्या झडत्या म्हणतात, त्यात यंदा माझी गाजणार:

शर्टाले इस्त्री, बुटाले पालिश,
किक मारू मारू पायाले मालिश,
गाडी पाहे त्याच्याकडं रागं-रागं,
ऋतिकभाऊ राह्यला तोरणाच्या मागं!

आकांक्षा खूप हसली. म्हणाली, "दादा, तुले एवढं येते तं बारावी काऊन नाई झाली?" या घरात कौतुकाची पद्धतच नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर गोठ्यात प्रॅक्टिस करायचा पक्का प्लॅन. पण कबड्डीच्या फायनलला पंच कमी पडत होता. नियम मला पूर्ण माहीत नाहीत हे दोन्ही टीमच्या उशिरा लक्षात आलं. पळावं लागलं.
पळताना फायदा एक झाला. ऋतिक गोठ्यात दिसला. ड्युटीवरून येऊन रोज येझदीला किक मारते म्हणे. एका किकमध्ये चालू होते.
प्लॅन बदलावा लागेल. मी जिंकणं पुरेसं नाही. तो हरला पाहिजे, गावासमोर.

१८ ऑगस्ट
प्लॅन तयार. उजव्या बाजूचं झाकण उघडायचं, आत एक प्लेट असते, ती थोडी फिरवली की ठिणगीचं टायमिंग बिघडते, गाडी चालू होत नाही. व्हिडिओत तो माणूस म्हणत होता की असं कधीच करू नका. म्हणजे काम होते.
पोळ्याला बापूजी आधी ऋतिकलाच बोलावतील, तो मोठा. तो किक मारत राहील. घाम. इस्त्री मोडली. मी झडती म्हणणार. मग हळूच पुढं होऊन प्लेट जागेवर आणणार, एक किक, आणि तोरणाखालून पार. बापूजींच्या डोळ्यांत पाणी.

२१ ऑगस्ट, खांदशेकणी
आज बैलांचे खांदे शेकतात. बापूजींनी लोण्यात हळद कालवून येझदीच्या हँडलला लावली, दोन्ही मुठींना, सावकाश, दुखऱ्या खांद्याला लावावी तशी. मग तिच्या कानाशी (हेडलाइटशी) वाकून म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." पुढं थोडा वेळ मुठीवर हात ठेवून उभे होते. मला गोठ्याबाहेर जाऊन उभं राहावं लागलं. दुपारी भजे जास्त झाले होते.
सगळे चहाला गेले तेव्हा काम उरकलं. प्लेट फिरवली. पहिली जागा कोणती होती त्याची खूण करणार होतो, पण तेवढ्यात बाहेर ढोलकीवाले आले, ते पाहायला गेलो. आठवेल.

२२ ऑगस्ट, पोळा. संध्याकाळ
शांतपणे लिहितो.
पाराजवळ आंब्याच्या पानांचं तोरण. मागं बैलजोड्या, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. पहिल्या नंबरवर आमची येझदी, हँडलला बेगड. मागंच अण्णाजी पाटलांची जोडी.
बापूजींनी ऋतिकला बोलावलं. सगळं प्लॅनप्रमाणे. आणि ऋतिक म्हणाला, "बापूजी, पयले सच्याले मारू द्या. या गाडीवर तोच पयले शिकला."
सगळं गाव माझ्याकडं. झाकण उघडायला वाव नाही. नाही म्हणायलाही नाही.
बसलो. या टायमिंगवर किक उलटी मारते आणि नडगी फोडते, हे व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणून पाय जरा जपून मारला. अर्धा.
आणि गाडी चालू झाली. एका किकमध्ये. बापूजींनी हात जोडले. मला वाटलं, टायमिंग बिघडवूनही चालू करतो तर मी काय चीज आहे. ऋतिककडं पाहून पूर्ण झडती म्हटली. गावानं "हर बोला हर हर महादेव" केलं. दांडी दाबली, पहिला गिअर, क्लच सोडला.
गाडी मागं गेली.
मला वाटलं कोणी ओढते, म्हणून आणखी रेस दिली. आणखी जोरात मागं. लोक बाजूला. अण्णाजींचा बैल मात्र हलला नाही. मी त्याच्या पुढच्या पायात जाऊन बसलो, तेव्हा त्यानं मला एकदा हुंगलं आणि पाण्याच्या टाक्याकडं पाहायला लागला. मडगार्डला त्याच्या झुलीचे घुंगरू अडकले.
अण्णाजी म्हणाले, "बापू, तुमचा नातू मान परत करून राह्यला का?"
मग ऋतिक आला. चावी बंद केली, झाकण उघडलं. प्लेट पाहिली. मग मला पाहिलं. मी तोरणाच्या पानांकडं पाहत होतो. बापूजींनी विचारलं काय झालं.
आता सांगणार. आठवीसारखं. दोन शब्दांत.
"काही नाई बापूजी," तो म्हणाला, "स्क्रू ढिल्ला झालता."
प्लेट जागेवर आणली, पूर्ण किक मारली, तोरणाखालून गेला. शर्टाला ग्रीस. गाडी त्याची झाली. बापूजींच्या डोळ्यांत पाणी आलंच, ते प्लॅनप्रमाणे.
त्यानं सांगायला पाहिजे होतं. म्हणजे मला रागवता आलं असतं. आता मी रागवू कशावर? हा त्याचा डाव आहे. इतका कपटी माणूस जिल्ह्यात नसेल.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
आज लहान पोरांचे लाकडी बैल. आमच्या गल्लीतल्या पोरांनी सगळे बैल उलटे ओढले. मागं मागं. आणि झडती माझीच, शब्द न् शब्द, फक्त "सचिनभाऊ गेला तोरणाच्या मागं". आकांक्षाला विचारलं. म्हणाली, चांगली होती, वाया काऊन घालू?
दुपारी ऋतिक गोठ्यात भेटला. त्याची नजर चुकवून निघत होतो तर त्यानं चावी पुढं केली. "पुलगावले चक्कर मारून येजो. तुयीबी हाये ते. ऑइल टाकजो फक्त."
शेवटचे तीन शब्द काढून टाकले असते तर मी कदाचित माफ केलं असतं. चावी घेतली. पूर्ण किक. पुढंच गेली.

त्याच दिवशी, पुलगाव रोड
मोबाईलवर लिहितो, वही घरी.
ऑइल आठवणीनं टाकलं. घरूनच, दाखवून दाखवून, ऋतिक पाहत असताना. पेट्रोल मात्र पंपावर टाकायचं होतं. पण पंपावर दोघं जण येझदीचे फोटो काढायला लागले. ही कोणती गाडी विचारलं. किक आणि गिअर एकच दांडी कशी, ते सांगितलं, करून दाखवलं, दोन्ही सायलेन्सरचा आवाज ऐकवला. ते खूश, मी खूश. निघालो.
गाडी आता रस्त्याच्या कडेला. टाकी हलवून पाहिली. फक्त वास येते. तोच वास, लहानपणीचा.
ढकलली असती. चप्पल चांगली आहे. पण ढकलताना कोणी पाहिलं तर.
शेवटी ऋतिकला फोन केला. काय झालं तेही विचारलं नाही त्यानं. कुठं आहेस, येतो, एवढंच.
बदला पुढच्या पोळ्याला. पक्कं.
तिकडून त्याची रोजची मोटरसायकल येताना दिसते. लांबूनच उतरून तो हात दाखवतो आहे. दोन्ही हात रिकामे.
बाटलीत पेट्रोल आण म्हणून सांगायचं राहिलं.